स्पर्धा परीक्षेसाठी रोजचा पेपर कसा वाचायचा? नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून

यूपीएससी किंवा राज्यसेवा करायचं नुकतंच ठरवलंय, सिलॅबसची पीडीएफ मोबाईलमध्ये पडून आहे आणि कोणीतरी सिनियर म्हणाला "आधी पेपर लाव", अशा लोकांसाठी हे लिहितोय. बहुतेकांचं पुढे काय होतं ते सांगतो. पेपर लागतो, चार दिवस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंडरलाइन करत वाचला जातो, रोजचे तीन तास त्यात जातात, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून कॉटखाली गठ्ठा साचायला लागतो. सदाशिव पेठेतल्या रद्दीवाल्यांना घडी न मोडलेले इंग्रजी पेपर भरपूर मिळतात ते उगाच नाही.

यात आळसाचा भाग कमी असतो. पेपर कशासाठी वाचायचा हेच कोणी नीट सांगत नाही. परीक्षेत नुसती बातमी फार कमी वेळा विचारतात, बातमीच्या मागे जो विषय असतो तो विचारतात. राज्यपालांनी विधेयक अडवून ठेवलं ही बातमी, प्रश्न येतो कलम 200 वर. म्हणजे पेपर तुम्हाला इतकंच सांगतो की आज पुस्तकातलं कुठलं प्रकरण उघडायचं. बाकी माहिती पुस्तकातच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की वाचायचं काय आणि सोडायचं काय हे आपोआप कळायला लागतं, आणि खरं सांगायचं तर सोडायचंच जास्त असतं.

पेपर लावायच्या आधी

दोन गोष्टींची प्रिंट काढा. एक सिलॅबस, तोही मेन्सचा (मुख्य परीक्षेचा), कारण प्रिलिमचा (पूर्व परीक्षेचा) सिलॅबस इतका मोघम आहे की त्यावरून काही ठरवता येत नाही. मेन्सच्या जीएस, म्हणजे सामान्य अध्ययन, पेपर 1 ते 4 च्या सिलॅबसमध्ये एकेक ओळ म्हणजे एकेक टॉपिक आहे, तो टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. पाठ करा म्हणत नाही, पण महिनाभर रोज नजरेखालून गेला तर निम्मा पाठ होतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. आयोगाच्या साइटवर फुकट मिळतात, त्यासाठी कुठल्या क्लासचं पुस्तक घ्यायची गरज नाही. सोडवायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या. राज्यसेवावाल्यांसाठी इथे एक अडचण आहे. 2025 पासून राज्यसेवा मेन्स वर्णनात्मक झाली, आधी ऑब्जेक्टिव्ह होती. खरं तर 2023 पासूनच होणार होती, पण पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि ती पुढे ढकलली गेली. त्यामुळे जुन्या राज्यसेवा मेन्सच्या प्रश्नपत्रिका बघून पेपर वाचायची दिशा मिळत नाही. त्याऐवजी यूपीएससी मेन्सचे प्रश्न वाचा, नवीन पॅटर्न त्याच वळणाचा आहे, फक्त महाराष्ट्राचा भाग वेगळा धरायचा.

आणि हो, पॉलिटी, इकॉनॉमीची बेसिक पुस्तकं एकदाही वाचलेली नसतील तर पहिले दोन महिने पेपरला पाऊण तासाच्या वर देऊ नका. वित्त आयोग काय करतो हे माहीत नसताना त्यावरचा अग्रलेख वाचून हाती काही लागत नाही. स्टेट बोर्ड किंवा एनसीईआरटीची शाळेची पुस्तकं चालू ठेवा, पेपर सोबत हळूहळू.

कुठला पेपर?

एक. फार तर दीड.

यूपीएससी करताय तर हिंदू नाहीतर इंडियन एक्सप्रेस, दोन्ही नको. कुठला चांगला यावर रूमवर रात्रभर वाद चालतात पण माझ्या मते फरक फार नाही, एक्सप्रेसचं एक्सप्लेन्डचं पान नवीन माणसाला सोपं जातं, हिंदूत बातमी कोरडी असते पण नेमकी असते. दोन-दोन दिवस दोन्ही वाचून बघा, जो झेपेल तो ठेवा आणि मग वर्षभर बदलू नका. मेन्स मराठीतून लिहिणार असाल तरी इंग्रजी पेपर सुटत नाही, कारण यूपीएससी प्रिलिमची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमाची हुशार पोरं तिथे अडकतात. विषय येत असतो पण ऑर्डिनन्स म्हणजे अध्यादेश, फिस्कल डेफिसिट म्हणजे राजकोषीय तूट हे पटकन डोक्यात येत नाही आणि 2 तासांत 100 प्रश्न असतात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर अशा जोड्या लिहीत चला, इंग्रजी शब्द एका बाजूला, आपला एका बाजूला. दिवसाला पाच-सहा पुरे. आणि मराठीतून लिहिणाऱ्यांनी लोकसत्ताचं संपादकीय पान जोडीला घ्या, ते जे दीड म्हणालो त्यातलं अर्धं हे. उत्तरं लिहिताना भाषा कुठून आणणार नाहीतर?

राज्यसेवेसाठी उलट करा. लोकसत्ता मुख्य ठेवा, त्यातलं 'विश्लेषण' चुकवू नका, आणि इंग्रजीतला फक्त एक्सप्लेनर टाइप मजकूर बघा. घरी सकाळ किंवा लोकमत येत असेल तर राज्याच्या बातम्यांसाठी तो चालेल, मुद्दाम दुसरा लावायची गरज नाही. गट ब, गट क ची संयुक्त परीक्षा देणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे प्रिलिमला एका तासात 100 प्रश्न, चालू घडामोडी सरळसरळ विचारतात, नेमणुका, पुरस्कार, स्पर्धा, योजना. त्यांनी एक मराठी पेपर आणि एक मासिक एवढ्यावर भागवावं, अग्रलेखांत फार अडकू नये.

कागदावरचा पेपर की ई-पेपर? कागदावरचा. मोबाईलवर पेपर वाचायला बसलेला माणूस दहाव्या मिनिटाला रील बघत असतो. गावी पेपर दुपारी एसटीने येतो किंवा इंग्रजी येतच नाही अशी बऱ्याच जणांची स्थिती आहे, त्यांना ई-पेपरशिवाय इलाज नाही, मग निदान मोठ्या स्क्रीनवर, अभ्यासिकेत बसून वाचा.

आता पेपर उघडा

पहिले पाच मिनिटं पेन खाली ठेवा आणि सगळी पानं नुसती उलटा. हेडिंग वाचायची आणि प्रत्येक हेडिंगला मनात एकच प्रश्न विचारायचा, हे भिंतीवरच्या सिलॅबसमध्ये कुठे बसतं? बसत असेल तर टिक करा, नसेल बसत तर पुढे.

काय बसत नाही ते आधी सांगतो. पक्षांतरं, कोण कोणाला काय म्हणालं, कोण नाराज आहे, कोण कोणाच्या बंगल्यावर भेटलं. हे वाचायला सगळ्यात मजा येते आणि परीक्षेत याचा उपयोग शून्य. पण त्याच पक्षांतरावरून सभागृहाच्या अध्यक्षांकडे अपात्रतेची याचिका गेली की ते संविधानाचं दहावं परिशिष्ट (पक्षांतरबंदी) झालं, तिथे थांबायचं. गुन्हे, अपघात, शहराची पानं, सिनेमा, शेअर बाजाराचा रोजचा चढउतार, कंपन्यांचे तिमाही निकाल हे सोडा. क्रिकेटचा स्कोअर बघायचाच असेल तर चहा पिताना बघा, अभ्यासाच्या वेळेत धरू नका.

काय वाचायचं? सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टाचे निकाल, संसदेतली आणि विधिमंडळातली विधेयकं, केंद्र आणि राज्य मंत्रिमंडळाचे निर्णय, रिझर्व्ह बँक, कॅग, निवडणूक आयोग, निती आयोग असल्या संस्था काय करतायत, शेती-पाणी-हवामान, शेजारी देश, इस्रोचं काही असेल तर, एखादी नवीन प्रजाती किंवा अभयारण्य. टिक केलेल्या साधारण आठ-दहा बातम्या निघतात, जाड दिवशी बारा. त्या नीट वाचा, त्यानंतर संपादकीय पान. सुरुवातीला दोन तास लागतील, इंग्रजी कच्चं असेल तर अडीच. दोन-तीन महिन्यांत तो तास-सव्वा तासावर यायला हवा. येत नसेल तर समजा तुम्ही अजून नको ते वाचताय.

एक बातमी सोलून बघू

कांद्याचीच घेऊ. केंद्राने 8 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातीवर बंदी घातली, आधी 31 मार्च 2024 पर्यंत, आणि नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात लासलगावचा फोटो, दोन-तीन नेत्यांची वक्तव्यं, क्विंटलचा भाव. नवखा माणूस भाव लिहून घेतो आणि बंदीची तारीख पाठ करतो. त्याने काय करायला हवं?

आधी आदेश कोणी काढला ते शोधायचं. डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय. ते वाणिज्य मंत्रालयाखाली येतं, कृषी मंत्रालयाखाली नाही. त्यांना हा अधिकार 1992 च्या विदेश व्यापार कायद्याने मिळतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, ते मात्र अर्थ मंत्रालयाचं काम. मधे ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं, ते परत डीजीएफटी. म्हणजे बंदी, शुल्क आणि किमान मूल्य ही तीन वेगवेगळी हत्यारं झाली आणि ती दोन मंत्रालयांच्या हातात आहेत. प्रिलिमला विधानं फिरवून विचारायला हे एवढं पुरेसं आहे.

मग पॉलिटी. शेती राज्य सूचीत, नोंद 14. बाजारही राज्याकडे, नोंद 28, म्हणून बाजार समित्या राज्याच्या 1963 च्या कायद्याने चालतात. पण परदेशी व्यापार केंद्र सूचीत, नोंद 41. शेतकऱ्याचा राग मुंबईवर निघतो आणि निर्णय दिल्लीत होतो तो यामुळे. जीएस 2 मध्ये संघराज्यावर प्रश्न आला तर हे उदाहरण आपल्या घरचं आहे, टॉपर्सच्या कॉप्यांमधून उचलायची गरज नाही.

बंदी का घातली? महागाई. रिझर्व्ह बँकेला 4 टक्क्यांचं टार्गेट आहे, वर-खाली 2 टक्के, आणि ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा मोठा. पण भाव नेमके ठरावीक महिन्यांतच का चढतात हे पेपर सांगत नाही, ते भूगोलातून आणायचं. उन्हाळ कांदा टिकतो, कांदाचाळीत साठवला की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जातो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, आणि तो पावसाने लांबला की मधे बाजार रिकामा पडतो. त्यानंतर रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, मग परत उन्हाळ. हे चक्र कळलं की दर दोन-तीन वर्षांनी येणारी कांद्याची बातमी तुम्हाला नवीन वाटत नाही.

शेवटी उपाय. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची बफर (राखीव साठ्यासाठी) खरेदी, भाव स्थिरीकरण निधी, 2018-19 च्या बजेटमधलं टोमॅटो-कांदा-बटाट्याचं ऑपरेशन ग्रीन्स, साठवणूक, प्रक्रिया. आणि बाजू कोणाकोणाच्या? शहरातला ग्राहक, शेतकरी, निर्यातदार, आणि आपला कांदा घेणारा बांगलादेश, तिथे परराष्ट्र संबंधही आले.

एवढं सगळं रोज प्रत्येक बातमीचं करायचं का? अजिबात नाही, मरून जाल. आठवड्याला दोन बातम्या अशा सोलायच्या, शक्यतो रविवारी, पुस्तक शेजारी ठेवून. बाकीच्या बातम्या वाचून सोडून द्यायच्या. सहा महिन्यांत पन्नासेक विषय आतून बाहेरून तयार होतात आणि मग रोजच्या पेपरातलं बरंचसं त्यातल्याच एखाद्याला जाऊन चिकटतं.

अग्रलेख

लोक म्हणतात दोन-दोन पेपरांचे अग्रलेख वाचा. रोज एक नीट वाचला तरी खूप झालं. वाचून झाल्यावर पेपर उलटा ठेवा आणि वहीत तीन ओळी लिहा. प्रश्न काय होता, लिहिणाऱ्याचं म्हणणं काय, आणि त्याने कुठली बाजू सोडून दिली. तिसरी ओळ सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची, कारण उत्तरात तुम्हाला दोन्ही बाजू लागतात आणि अग्रलेख शक्यतो एकाच बाजूने लिहिलेला असतो, त्याने तसंच लिहायचं असतं. लोकसत्ताच्या अग्रलेखातले टोमणे वाचायला भारी वाटतात पण ते तुमच्या उत्तरात येऊ देऊ नका. तुम्ही उद्याचे अधिकारी म्हणून लिहिताय, स्तंभलेखक म्हणून नाही.

भाषेतलं मात्र उचला. आकडा वाक्यात कसा बसवलाय, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसा गेलाय, शेवट कसा केलाय. निबंधाला 250 मार्क आहेत, यूपीएससीतही आणि राज्यसेवेतही.

नोट्स

पहिला महिना नोट्स काढूच नका. त्या काळात सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पेपरच वहीत उतरवला जातो.

नंतर काढताना तारखेप्रमाणे काढू नका. "12 जुलै, 13 जुलै" अशी वही परत कोणी उघडत नाही. सुटी पानं घ्या, ए4, फाइलला लावता येतील अशी, आणि एका पानाला सिलॅबसमधला एकच टॉपिक. कांद्याचं पान असं दिसेल: वर कोपऱ्यात "जीएस 3, शेतमाल विपणन". खाली "निर्यातबंदी 8 डिसेंबर 23, डीजीएफटी". त्याखाली "बंदी उठली 4 मे 24, पण 550 डॉलर किमान मूल्य + 40 टक्के शुल्क". त्याखाली "सप्टेंबर 24 किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्के". मग "1 एप्रिल 25 शुल्क शून्य". या चार ओळी दीड वर्षात लिहिल्या गेल्यात, एका दिवशी नाही, म्हणून अर्धं पान कायम मोकळं सोडायचं. आणि शेवटच्या ओळीत नुसता बाण काढून "धोरण सतत बदलतं, शेतकऱ्याला अंदाज बांधता येत नाही" एवढा आपला मुद्दा. मेन्सच्या आदल्या रात्री हे पान अर्ध्या मिनिटात वाचून होतं.

कात्रणं कापून चिकटवण्याची हौस असेल तर करा, मला ते वेळ घालवण्याचं काम वाटतं.

प्रिलिमसाठी वेगळी नजर

प्रिलिमला लागतात ती नावं, ठिकाणं आणि संस्था. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. आता यात काय बघायचं? किल्ले 12, त्यातले 11 महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी तामिळनाडूत. यात डोंगरी किती, समुद्रातले कुठले, खांदेरी कुठल्या जिल्ह्यात, साल्हेर कुठल्या. काही किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि काही राज्याच्या संचालनालयाकडे, कुठला कोणाकडे. सांस्कृतिक स्थळांबाबत युनेस्कोला सल्ला देते ती आयकोमॉस, नैसर्गिक असेल तर आययूसीएन. बातमी एक आणि प्रश्न पाच. 2023 पासून यूपीएससीत "वरीलपैकी किती विधानं बरोबर" हा प्रकार वाढला, तिथे अंदाजपंचे चालत नाही, म्हणून हे बारीक बघायचं.

शेजारी नकाशाची वही ठेवा. बातमीत ठिकाण आलं की नकाशावर टिंब. नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी, महाराष्ट्रातली ही रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) नकाशावर दाखवता येत नसतील तर वाचून उपयोग नाही.

अहवाल आणि निर्देशांक आले की रँक पाठ करत बसू नका. कोण काढतं आणि कुठल्या निकषांवर काढतं एवढं लिहा. मानव विकास अहवाल यूएनडीपी, वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक आयएमएफ, असं.

पेपरशिवाय बाकी काय

पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धिपत्रकांची साइट, रोज बघायची गरज नाही. पेपरात योजनेचं नाव आलं आणि तपशील कळला नाही की तेवढ्यापुरतं जा, मराठीतूनही मिळतं. राज्याच्या निर्णयांसाठी महासंवाद, ही राज्य सरकारची बातम्यांची साइट. विधेयकांचा सारांश पीआरएस या कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर सोप्या इंग्रजीत असतो. बजेटच्या आसपास केंद्राची आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी येते, राज्यसेवावाल्यांनी महाराष्ट्राची पाहणी पेपरपेक्षाही जास्त मनावर घ्यावी.

महिन्याचं एक मासिक किंवा कंपायलेशन घ्या, कुठल्याही क्लासचं, पण एकच. ते पेपरच्या ऐवजी नसतं, आपलं काय सुटलं ते तपासायला असतं. टेलिग्रामवरच्या "आजच्या महत्त्वाच्या बातम्या" पीडीएफ डाउनलोड करून ठेवल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, तेवढाच त्यांचा उपयोग. त्यातल्या बऱ्याच चुकीच्याही असतात, तारीख आणि आकडा असेल तर पेपरात नाहीतर सरकारी साइटवर तपासून मगच वहीत घ्या.

बॅकलॉग झाला तर

होणारच. घरी लग्न निघतं, ताप येतो, दिवाळीला गावी जाता आणि आठवडा जातो. परत आल्यावर जुना गठ्ठा उचलू नका. आजचा पेपर आज वाचा. मागच्या आठवड्याची फक्त संपादकीय पानं आणि विश्लेषणं चाळा, अर्ध्या तासात होतं, बाकी मासिकात येईलच. जुना गठ्ठा संपवायच्या नादात आजचा पेपर राहतो, मग उद्याचाही, आणि मग पेपरच बंद होतो. पेपर बंद पडलेले जेवढे लोक बघितलेत त्यातले बहुतेक असेच बंद पडलेत.

प्रिलिमच्या आधीचा महिना नवीन वाचन कमी करा, अर्धा तास पुरे, त्या दिवसांत जुन्या नोट्स आणि नकाशे. प्रिलिम झाली की मेन्सपर्यंत परत पूर्ण वेळ, पण आता वाचताना रोज एका बातमीवर दहा मार्कांचं एक उत्तर लिहायचं, 150 शब्दांत, घड्याळ लावून. कोणाकडून तपासून मिळत नसेल तर अभ्यासिकेतल्या मित्राशी वह्या बदला.

मुलाखतीच्या टप्प्यावर वाचन पुन्हा बदलतं. तोपर्यंत जी शहराची, जिल्ह्याची पानं सोडायला सांगितली तीच आता वाचायची, कारण पॅनल तुमचा जिल्हा, तुमचं कॉलेज, तुमचा छंद यावरून सुरुवात करतं. तुम्ही सोलापूरचे असाल तर उजनीत आज पाणी किती आणि चादरीच्या धंद्याचं काय चाललंय हे माहीत हवं. त्या काळात दिल्लीत असाल तर गावच्या पेपरची जिल्हा आवृत्ती ई-पेपरवर सुरू करा, किमान दोन महिने आधीपासून, आणि घरी फोन केला की जेवलास का याच्या पुढे जाऊन बाजारात काय भाव चाललाय तेही विचारा.